यकृताचा सिरोसिस : कारणे वेगळी, वाटचाल वेगळी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सिरोसिस हा शब्द कानावर पडताच ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो दारूचा. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मद्याचा थेंब शिरलेला नाही, त्या घरातील कर्त्या माणसाच्या तपासणीच्या कागदावर हा शब्द उमटला, की रोगाच्या चिंतेआधी लोकलाज उभी राहते. कागद कपाटात जातो आणि नातेवाइकांना ‘पोटाचा विकार’ एवढेच सांगितले जाते. याच्या उलट, निर्व्यसनी शाकाहारी मनुष्य ‘आपल्या यकृताला काय होणार?’ अशा समजुतीत वर्षानुवर्षे तपासणीच करून घेत नाही. दोन्ही घरांत नुकसान होते ते वेळेचे, आणि या रोगात वेळेला फार मोल आहे. म्हणून आजच्या विषयाचे सार आरंभीच सांगणे उचित ठरेल. सिरोसिस हे एका अवस्थेचे नाव आहे. तिच्याकडे नेणारी कारणे अनेक आहेत. कारण कोणते, यावर रोगाची गती ठरते आणि ते दूर करता येते की नाही, यावर रुग्णाचे पुढील आयुष्य ठरते.

यकृत आणि त्यावरील व्रण

प्रौढ माणसाचे यकृत साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचे असते. अन्नातून आलेली साखर साठविणे, रक्त गोठविणारी द्रव्ये व प्रथिने तयार करणे, पित्त निर्माण करणे, औषधे व विषारी द्रव्ये निकामी करणे अशी शेकडो कामे ते अहोरात्र करीत असते. इजा झाल्यावर स्वतःला भरून काढण्याची त्याची शक्तीही विलक्षण आहे. परंतु तीच इजा रोज, वर्षानुवर्षे होत राहिली, तर मऊ पेशींच्या जागी व्रणाचे कठीण धागे तयार होतात. हे धागे एकमेकांना जोडले जाऊन मध्ये पेशींच्या गाठी उरल्या, म्हणजे त्या अवस्थेस सिरोसिस म्हणतात. फ्रेंच वैद्य लेनेक यांनी १८१९ मध्ये हे नाव दिले. मृत रुग्णांच्या यकृताचा पिवळसर-तांबूस रंग पाहून त्यांनी तो ग्रीक शब्द योजला. रोगाच्या कारणाचा त्या नावात काहीच उल्लेख नाही.

कारण कोणतेही असो, या अवस्थेचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात यकृत खराब झालेले असूनही काम निभावून नेते. रुग्णाला थोडा थकवा जाणवतो, किंवा काहीच जाणवत नाही. दुसऱ्या टप्प्यात यकृताचा तोल सुटतो. पोटात पाणी साठते, म्हणजे जलोदर होतो. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. डोळे पिवळे होतात. दिवसा झोप व रात्री जाग येऊन बोलण्यात असंबद्धता दिसू लागते. इटलीतील डॉ. डी’अॅमिको व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये जगभरातील ११८ अभ्यासांचे एकत्रित विवेचन प्रसिद्ध केले. त्यानुसार पहिल्या टप्प्यातील रुग्णांचे मध्यम आयुर्मान बारा वर्षांहून अधिक, तर दुसऱ्या टप्प्यातील रुग्णांचे सुमारे दोन वर्षे इतकेच आढळले. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात दरवर्षी शंभरांतील पाच ते सात रुग्ण जातात. हे आकडे सरासरीचे आहेत. कोणता रुग्ण कोणत्या गतीने जाईल, हे समजण्यासाठी कारणांकडे वळले पाहिजे.

मद्य : थांबविल्यास थांबणारी वाट

२०१७ मध्ये भारतातील अकरा रुग्णालयांमधील सुमारे तेरा हजार यकृतरुग्णांची माहिती एकत्रितपणे प्रसिद्ध झाली. सिरोसिस झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्णांत मद्य हे कारण होते. म्हणजे मद्य हे सर्वांत मोठे एकटे कारण खरे. पण तीनपैकी दोन रुग्णांचे कारण दुसरेच होते, हेही त्याच आकड्यातून दिसते.

नियमित अतिमद्यपान करणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. सिरोसिस मात्र शंभरांतील दहा ते वीस जणांनाच होतो. ‘अमका आयुष्यभर प्यायला, त्याला काही झाले नाही’ हे उदाहरण म्हणूनच फसवे ठरते. कोणाचे यकृत टिकेल, हे आधी सांगता येत नाही. या वाटेची गती अनियमित असते. वर्षे शांततेत जातात आणि एखाद्या अतिसेवनाच्या काळानंतर अचानक कावीळ, ताप व पोटफुगी घेऊन रुग्ण अत्यवस्थ होतो. आशेची बाजू अशी, की केवळ चरबीच्या अवस्थेत दारू पूर्ण सोडल्यास काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ शकते. सिरोसिस झाल्यावरही सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा निश्चितपणे वाढते. फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. एकाएकी बंद केल्यास कंप, भ्रम आणि झटके येण्याचा धोका असतो.

आपला जिल्हा गोव्याला लागून आहे. फेणी, माडी आणि परवानाप्राप्त दुकाने कोणालाच दूर नाहीत. आपल्या घरात हा प्रश्न नसला, तरी आपल्या दुकानात, गोदामात, गाडीवर काम करणाऱ्या माणसाच्या घरात तो असू शकतो. त्याला कामावरून काढून टाकण्यापेक्षा रुग्णालयात नेणे अधिक उपयोगाचे आहे.

पितळेचे पातेले : पुण्याने उलगडलेले कोडे

मद्याशी काडीचाही संबंध नसलेला सिरोसिस भारतात तान्ह्या बालकांनाही होत असे, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही. कोलकात्यात १८८७ मध्ये प्रथम वर्णन झालेल्या या विकाराला वैद्यकात ‘भारतीय बालसिरोसिस’ हेच नाव पडले. बहुधा एक ते तीन वर्षे वयाचे मूल चिडचिडे होई, पोट फुगे, हाताला टणक कडेचे यकृत लागे. पुढे कावीळ व जलोदर होऊन काही महिन्यांत ते दगावे. एकाच घरात एकामागून एक भावंडे गेल्याची उदाहरणे होती. सुस्थितीतील, शाकाहारी, निर्व्यसनी कुटुंबांतही तो आढळे. त्यामुळे कोणी आनुवंशिक दोष म्हणत, तर कोणी दैवाला बोल लावत.

या मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा असतो, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले. ते तांबे येते कोठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्या सहकार्याने घेतला. त्यांचे निष्कर्ष १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि पुढील वर्षांत आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना करून ते पडताळले गेले. आजारी मुलांना अगदी लहानपणीच वरचे दूध सुरू झाले होते आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविले किंवा साठविले जात होते. कल्हई नसलेल्या पितळेत आमटी किंवा ताक ठेवले की ते कळकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक होते. दूध आंबट नसल्यामुळे ते निर्धोक मानले जाई. प्रत्यक्षात दुधातील प्रथिन तांबे धरून ठेवते आणि बाळाचे यकृत ते पित्तावाटे पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. असे दूध पिणारी सर्वच बालके आजारी पडत नसत. काहींमध्ये जन्मजात प्रवणताही असावी.

कारण कळताच उपाय सोपा झाला. आईचे दूध द्यावे आणि वरचे दूध स्टीलच्या भांड्यात तापवावे, एवढेच सांगणे पुरे होते. १९९० च्या दशकापर्यंत हा रोग दुर्मिळ झाला. कावीळ व जलोदर होण्यापूर्वी आलेल्या काही बालकांना तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध देण्यात आले. त्यांतील काही पुढे अनेक वर्षे निरोगी जगल्याची नोंद १९९६ मध्ये झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या टायरॉल प्रांतातूनही असाच वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच रोगाने गेली होती. तांब्याची भांडी जाऊन नवी आली आणि रोग नाहीसा झाला. आपल्या घरांत पूजेची व वडिलोपार्जित पितळी भांडी असतात. त्यांचा आदर राखावा, तांब्यातले पाणी निरोगी प्रौढाने प्यायला हरकत नाही. बाळाचे दूध मात्र त्यांत कधीही ठेवू नये.

तांब्याशी निगडित दुसरा विकार म्हणजे विल्सनचा रोग. हा पूर्णतः आनुवंशिक आहे. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारांत एक इतकी असते आणि मामे-आते भावंडांतील विवाहांमुळे ती जोखीम कुटुंबात वाढते. बालपणी किंवा तारुण्यात कावीळ, हस्ताक्षर बिघडणे, हात थरथरणे अशी लक्षणे दिसतात. वेळीच औषध सुरू करून ते आयुष्यभर चालू ठेवल्यास रुग्ण जवळपास सर्वसामान्य जीवन जगतो. म्हणून एकाचे निदान झाल्यास सर्व भावंडांची तपासणी आवश्यक ठरते.

ब आणि क विषाणू : मूक प्रवासी

दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ सर्वसाधारणपणे बरी होऊन जाते, सिरोसिस मागे ठेवत नाही. ज्याला सिरोसिस आधीपासून आहे, त्याला मात्र हीच कावीळ प्राणघातक ठरू शकते. रक्तातून पसरणाऱ्या ब आणि क विषाणूंची रीत वेगळी आहे.

ब विषाणूच्या बाबतीत संसर्गाचे वय निर्णायक असते. प्रौढपणी संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पाचांहून कमी लोकांत तो कायम राहतो. जन्मावेळी आईकडून आलेला विषाणू मात्र शंभरांपैकी सुमारे नव्वद बालकांत घर करतो. तो कधी दशकानुदशके स्वस्थ बसतो, कधी उसळतो, आणि क्वचित सिरोसिस न होताच थेट कर्करोग निर्माण करतो. टेनोफोविरसारख्या औषधांनी त्याला दाबून ठेवता येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिरोसिस असलेल्या ९६ रुग्णांनी हे औषध पाच वर्षे घेतले. पुन्हा यकृताचा तुकडा तपासला असता त्यांतील ७१ जणांत सिरोसिस उरला नव्हता. एकदा पडलेला व्रण कधीच भरत नाही, ही जुनी समजूत अशा पुराव्यांनी बदलली.

क विषाणूचा शोध १९८९ मध्ये लागला. त्याची वाट संथ असते. वीस वर्षांत शंभरांतील पंधरा ते तीस रुग्ण सिरोसिसपर्यंत जातात. जोडीला मद्य असल्यास ही गती वाढते. त्याची चाचणी भारतातील रक्तपेढ्यांत सक्तीची होण्यापूर्वी, म्हणजे साधारण २००१ पूर्वी, ज्यांना रक्त देण्यात आले त्यांनी एकदा तपासून घ्यावे. आज बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी हा विषाणू समूळ घालविता येतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात ब आणि क या दोहोंची तपासणी व औषधे विनामूल्य देण्याची तरतूद आहे. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत ब लसीची मात्रा देणे हे सर्वांत स्वस्त संरक्षण होय. हे विषाणू एका ताटात जेवल्याने, हस्तांदोलनाने किंवा मंदिरात शेजारी बसल्याने पसरत नाहीत. रुग्णाला वेगळे बसविण्याचे काहीच कारण नाही.

चरबी : निर्व्यसनी घरातील वाट

आपल्या समाजापुढील सर्वांत मोठा धोका या चौथ्या वाटेचा आहे. मधुमेह, पोटाचा वाढता घेर, रक्तातील वाढलेली चरबी आणि बैठे जीवन यांमुळे मद्य न पिणाऱ्याच्या यकृतातही चरबी साठते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असे लिहून येते आणि ‘ते काय, सगळ्यांनाच असते’ म्हणून सोडून दिले जाते. बहुतेकांत ते पुढे जात नाही, हे खरे. २०१५ मधील एका एकत्रित विवेचनानुसार केवळ चरबी असल्यास व्रणाची एक पायरी चढण्यास सरासरी चौदा वर्षे, आणि चरबीसोबत दाह असल्यास सात वर्षे लागतात. अशा चार पायऱ्यांवर सिरोसिस येतो. मधुमेह असलेल्यांनी विशेष सावध असावे.

सडपातळ माणसानेही निश्चिंत राहू नये. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण लोकांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. यकृतात चरबी आढळलेल्यांपैकी बहुतेक जण स्थूल नव्हते. शाकाहार हे या विकारावरचे कवच नाही. गल्ल्यावर दिवसभर बसणे, चहासोबत फरसाण, सणावारी मिठाई आणि उपवासाच्या नावाखाली तुपातील साबुदाण्याची खिचडी, हा आहारही शाकाहारीच असतो. शास्त्रात सांगितलेली ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडे कमी जेवणे, येथे औषधाइतकी उपयोगी आहे. स्थूल व्यक्तीचे वजन पाच टक्के घटले की चरबी उतरू लागते, सात ते दहा टक्क्यांनी दाह ओसरतो आणि दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास अनेकांचा व्रणही मागे हटतो.

रुग्णाचा आहार आणि व्रतनियम

येथे एक नाजूक पण महत्त्वाचा मुद्दा येतो. निरोगी यकृत रात्रीसाठी साखरेचा साठा ठेवते. सिरोसिसच्या रुग्णात तो साठा तुटपुंजा असतो. त्यामुळे एका रात्रीचा उपवास त्याच्या शरीराला दोन-तीन दिवसांच्या उपासमारीसारखा पडतो आणि शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागते. म्हणून झोपण्यापूर्वी थोडे खाण्याचा सल्ला अशा रुग्णांना जगभर दिला जातो. चौविहार पाळणाऱ्याची येथे अडचण होते. मालवणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. सूर्यास्तापूर्वी जेवून नवकारसीनंतर काही घेतले, तर जवळजवळ चौदा तासांचे अंतर पडते.

यावर रुग्णाने एकट्याने निर्णय घेऊ नये. डॉक्टर आणि गुरुजन दोघांनाही सर्व परिस्थिती सांगावी. पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, असतात आणि आजारात समाधी टिकविण्यासाठीचा आगारही त्यांत आहे. त्याचा अर्थ गुरुजनांकडून समजून घ्यावा. नियम ठेवायचाच असल्यास सूर्यास्ताच्या अगदी आधी भाकरी, भात, दूध असा भरीव आहार घ्यावा आणि सकाळचा पहिला आहार शक्य तितका लवकर घ्यावा. आयंबिल, अठ्ठाई किंवा निर्जळी उपवास मात्र सिरोसिसच्या रुग्णाने वैद्यकीय संमतीशिवाय करू नयेत. जीव वाचवून केलेला स्वाध्याय आणि सामायिक हेही तपच आहे.

प्रथिने बंद करावीत, हा समज आता मागे पडला आहे. मूग, मटकी, दूध, पनीर, ताक यांतून पुरेशी प्रथिने मिळतात आणि ती द्विदलाचा नियम पाळूनही घेता येतात. मीठ कमी हवे. जलोदर असल्यास पापड, लोणचे, फरसाण पूर्ण बंद करावे.

टाळावयाच्या गोष्टी

कावीळ झाली की नाकात रस पिळणे, माळ घालणे, मंत्र घालून उतरविणे असे प्रकार कोकणात अजूनही होतात. साधी कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय त्या उपायाला मिळते. आतला सिरोसिस मात्र पुढे सरकत राहतो. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्याचे डोळे पिवळे होण्यामागे लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो, तेथे तर एकेक दिवस मोलाचा असतो. वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, असेही नाही. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. सिरोसिसच्या रुग्णाने दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. मूत्रपिंड निकामी होणे, रक्तस्राव किंवा बेशुद्धी यांचा त्यांत धोका असतो.

काय करावे?

चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेही किंवा पोट सुटलेल्या प्रत्येकाने यकृताची तपासणी करून घ्यावी. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून व्रणाचा प्राथमिक अंदाज बांधता येतो. एकट्या एसजीपीटीवर विसंबू नये. सिरोसिसमध्येही ती कधी कधी सामान्य येते. प्लेटलेटची संख्या सतत कमी येत असेल, तर यकृत व प्लीहेकडे लक्ष गेलेच पाहिजे. ब व क विषाणूंची चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी. सिरोसिसचे निदान झालेल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एन्डोस्कोपी करून घ्यावी. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास किंवा वागण्यातील अचानक बदल दिसल्यास सकाळची वाट न पाहता ओरोस वा बांबोळीचे रुग्णालय गाठावे.

आणि रुग्णाच्या घरच्यांनी व समाजबांधवांनी ‘हा पीत होता काय?’ असे कुजबुजण्याऐवजी ‘कारण कोणते निघाले?’ असे विचारावे. मद्य असेल तर ते सुटू शकते, विषाणू असेल तर औषध आहे, चरबी असेल तर ती उतरविता येते, तांबे असेल तर ते काढता येते. ज्यांचे यकृत या पलीकडे गेले आहे, त्यांना यकृत-प्रत्यारोपणाचा मार्ग आहे. १९९४ च्या कायद्याने मरणोत्तर अवयवदानाची वाटही मोकळी केली आहे.

पुण्यातील डॉक्टरांनी मातांना दोष दिला नाही. दूध कोणत्या भांड्यात तापविता, एवढेच विचारले. त्या एका प्रश्नाच्या उत्तराने असंख्य बालके वाचली. कपाटात दडवून ठेवलेला तपासणीचा कागद आज घरी गेल्यावर बाहेर काढावा आणि तो घेऊन डॉक्टरांकडे जावे, इतकी विनंती करून हे विवेचन पूर्ण होत आहे.

जयजिनेंद्र.